अज्ञान वारसाची सही

खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली आणि आईच्या मनात आलं, झालं, आता वरही नाही आणि खालीही नाही.

"थांबा, जरा तिरकी करा," तिचा मोठा मुलगा खालच्या बाजूनं ओरडला. वरची बाजू शेजारच्या पोस्टमननं धरली होती. दोघांच्या मध्ये, लाकडी खुर्चीला चादरीनं बांधलेली आई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. गुडघे कामातून गेल्यापासून ती या जिन्यानं उतरली होती ती फक्त दवाखान्यात जायला, आणि तेही डोळे गच्च मिटून. आज तिनं डोळे उघडे ठेवले होते. ज्या घरापायी सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला होता, ते तिला आज पहिल्यांदा बघायचं होतं.

"आई, हात आत घे, भिंतीला घासतील," पुढे उतरणारी बारकी म्हणाली.

"माझे हात माझ्यापाशीच आहेत. तू आपल्या पायांकडे बघ."

बारकी म्हणजे आईची धाकटी लेक. बँकेत काउंटरवर बसायची. लग्न होऊन वेगळी राहत होती, तरी माहेरच्या प्रत्येक निर्णयात तिचं मत असायचं, आणि ते बहुतेक वेळा भावाच्या मताच्या बरोबर उलट असायचं. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटाचं काय करायचं, यावरून दोघं महिनाभर अबोला धरून होते. घराच्या बाबतीत अबोला नव्हता, हीच आईला मोठी गोष्ट वाटत होती.

जिना संपला. पोस्टमननं खुर्ची टेकवून कपाळ पुसलं.

"काकू, आता पुढच्या वेळी उतरवू ते कायमचंच," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यानं जीभ चावली. "म्हणजे, घर बदलायचं म्हणतोय मी."

"कळलं रे. दोन्हीला तूच ये," आई म्हणाली, आणि बाहेरच्या उन्हाकडे बघून हसली.

फाटकापाशी शाळेची बस उभी होती. मोठा ती बस चालवायचा, आणि आज सुट्टी म्हणून मुख्याध्यापकांना विचारून तो ती घेऊन आला होता. आईला त्यानं पहिल्या सीटवर बसवलं. ही सीट लहान मुलांसाठी होती, त्यामुळे तिचे गुडघे समोरच्या दांडीला टेकले, पण ती काही बोलली नाही. रस्ता बघण्यात ती रमली होती. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला निळा रंग दिला होता. तो कधी दिला, कोणी तिला सांगितलंच नव्हतं.

बारकी तिच्या मागच्या सीटवरून पुढे वाकली. "दादा, तुझा शब्द लक्षात आहे ना? आज सही झाली नाही, तर तो व्यवहार संपला. मी लिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट उद्या नक्की करते."

"आहे लक्षात," मोठा आरशात न बघता म्हणाला.

आईनं खिडकीबाहेरच बघितलं. हिवाळ्यापासून ती मनातल्या मनात बारकीच्या बाजूनं होती. सुनेला तिनं हे बोलून दाखवलं नव्हतं. सून त्या घरासाठी इतकी जिवाचं रान करत होती, की तिच्यापुढे हे शब्द तोंडातून फुटत नसत.

* * *

सूनबाई, म्हणजे मोठ्याची बायको, सकाळीच त्या घरी पोचली होती आणि पुढची खोली झाडून झाली होती.

ती बाइंडर होती. वाचनालयांची जुनी पुस्तकं आणि कोर्टातल्या जुन्या फायली शिवून त्यांना पाठी चढवायचं काम ती राहत्या घराच्या हॉलमध्येच करायची. सरसाचा वास तिच्या पदराला कायमचा चिकटला होता. "लोकांचे कागद मी शिवते, आणि माझेच कागद सुटे," असं ती हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि दर वेळी त्यातलं हसू थोडं कमी व्हायचं.

घर होतं म्हाताऱ्या चष्मेवाल्यांचं. पुढची खोली दुकानाची, मागे राहायच्या खोल्या, सगळं एका पातळीवर. दुकानाला रस्त्याकडे रुंद काच होती आणि तिच्यातून दिवसभर सारखा, न तळपणारा उजेड यायचा. शिवण घालायला असा उजेड लागतो. पहिल्यांदा ती इथं उभी राहिली, तेव्हाच तिनं कटिंग मशीनची जागा मनात ठरवून टाकली होती.

चष्मेवाले मृत्युपत्र न करता गेले होते. त्यांचा एक मुलगा हयात होता. त्याला दोन्ही घरची माणसं काकाच म्हणायची. दुसरा मुलगा वडिलांच्या आधीच गेलेला, आणि त्याची एकुलती एक मुलगी आपल्या आईजवळ दुसऱ्या गावात राहत होती. तिच्या आईनं आपला हक्क नवरा गेल्यावरच लिहून सोडला होता. म्हणजे वारस दोघं, काका आणि ही नात. बयाणा दिला तेव्हा वाटलं होतं, पावसाळ्याच्या आत राहायला जाऊ. मग वारस दाखल्याला उशीर झाला. तो मिळाला तर कोर्टाला सुट्टी लागली. सुट्टी संपली तेव्हा कळलं, की नकाशात मागची न्हाणी दाखवलेलीच नाही. न्हाणी नकाशावर आली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतोय, तोच वकीलबाईंनी सांगितलं, "एक वारस अज्ञान आहे."

"अज्ञान आपणच," बारकी तेव्हा म्हणाली होती. "असल्या घरात पैसे गुंतवणारे."

अठराच्या आतल्या मुलाला कायदा अज्ञान म्हणतो. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायचा तर त्याच्या पालकानं कोर्टाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. नातीच्या आईनं एका अर्जावर सही करायची होती, एवढंच. आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं. नातीच्या आईचं सासरशी पटत नव्हतं, ती वकिलाचे फोन घेणार नाही, मीच समजावून सही आणतो, असं काकांनी सांगितलं होतं. दर वेळी ते जाऊन येत आणि मान हलवत. "नाही म्हणते. थोडं थांबू या."

शेवटी नात अठरा वर्षांची झाली, ती याच महिन्यात. आता अर्ज नको, कोर्ट नको. तिची स्वतःची सही पुरे होती. वकीलबाईंनी तिला सरळ पत्र पाठवलं आणि तिचं उत्तर आलं, सही करण्याआधी मला घर बघायचंय.

"चहा टाकू का?" काकांनी काउंटरमागून विचारलं. सूनबाई कधीही आली तरी ते तिथंच बसलेले असायचे, पुढ्यात मखमलीचा तुकडा आणि त्यावर बारीक स्क्रू-ड्रायव्हर ओळीनं मांडलेले.

"मी टाकते. तुम्ही बसा. आज तुमची पाहुणी यायची आहे."

"पाहुणी कसली. अर्ध्या घराची मालकीण ती." काका हसले, पण त्यांचे हात मखमल उगाचच सारखी करत राहिले. सूनबाईला त्यांची दया आली. तिला ते आवडायचे. घरी मोठा वैतागून बोलायचा, तेव्हा तीच म्हणायची, "अहो, त्या काकांचा काय दोष? ते बिचारे हेलपाटे घालतायत."

बस बाहेर थांबली. मोठ्यानं आईला उतरवलं, खुर्ची आणायला तो वळला, आणि तेवढ्यात आईनं दाराची चौकट धरली.

"खुर्ची नको. कशाला? इथं पायरी कुठाय?"

ती आत आली. एका हातानं भिंत धरून, थांबत थांबत, तिनं दुकान ओलांडलं, मधली खोली ओलांडली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दम घेतला आणि तशीच पुढे जाऊन मागचं दार उघडलं. मागे लहानसं आवार होतं, कपडे वाळवायची तार होती, एक पेरूचं झाड होतं. सगळे तिच्या मागे मागे चालत होते. कुणी हात पुढे केला नाही. बारकीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"इथं खुर्ची टाका," आई म्हणाली.

तिथं, दाराच्या आत अर्धी आणि उन्हात अर्धी, ती बसली. चहा आला तेव्हा ती कपाकडे न बघताच पीत होती. वकीलबाई आपल्या फुगलेल्या पिशवीसकट आल्या, त्यांनी नमस्कार केला, तर आईनं त्यांनाच विचारलं, "या झाडाला पेरू आतून लाल लागतात का पांढरे?"

"तेवढं सोडून बाकी सगळं माझ्या कागदांत आहे," वकीलबाई म्हणाल्या.

* * *

नात बस थांब्यापासून चालत आली. ती उंच होती, खांद्याला कापडी पिशवी होती आणि नाकावरून घसरणारा चष्मा ती सारखा बोटानं वर ढकलत होती.

दुकानाच्या दारात तिला एवढी माणसं दिसली, की ती क्षणभर बाहेरच थांबली. तिच्या आईनं निघताना सांगितलं होतं, "तुझं तू बघ. मला त्या घराबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. पण सही करायच्या आधी डोळ्यांनी बघून ये." आई आज कामावर गेली होती. ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती आणि तिथं सुट्टीच्या दिवशीही चादरी मळायच्या थांबत नाहीत.

"ये, ये," पांढऱ्या केसांचा एक माणूस काउंटरमागून उठला. "उंच झालीस. केवढीशी होतीस."

"काका?"

"मीच."

मग सगळ्यांनी तिला घर दाखवलं. हे सगळे आपल्याकडे असे जपून का बघतायत, ते तिला हळूहळू कळलं. ही आता रडेल, असं त्यांना वाटत होतं. मधल्या खोलीत बाइंडरबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, मागच्या दारात बसलेल्या आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण तिला रडू येत नव्हतं. ती इथं कधी राहिली नव्हती. तिला कोरडं वाटत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

"माझे बाबा कुठे बसायचे?" तिनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"दुकानात तर कधीच नाही," काका म्हणाले. "त्याला चष्म्यांचा भयंकर कंटाळा. गिऱ्हाईक आलं की मागच्या दारानं पसार. आमचे वडील, आप्पा, हाका मारमारून दमायचे, आणि हा त्या झाडावर. तिथूनच ओरडायचा, मी घरात नाहीये!"

नात एकदम हसली. तिच्या आईनंही तिला हे सांगितलं होतं, फक्त जागा वेगळी होती. अंघोळ चुकवायला तिचा बाबा पलंगाखाली शिरायचा आणि तिथून ओरडायचा, मी घरात नाहीये. तो असा माणूस होता तर, दोन्ही घरांत सारखाच.

सगळे दुकानात परत आले. वकीलबाईंनी काउंटरवर कागद पसरले.

"हे संमतीपत्र. यावर तुझी सही झाली की खरेदीखताला फारसा वेळ लागणार नाही. सगळं वाचून घे. घाई नाही." मग त्यांनी जरा सुस्कारा टाकला. "खरं तर हे कधीच उरकलं असतं. तुझ्या आईनं अर्जावर सही दिली असती, तर एवढं थांबावं लागलं नसतं. पण तिची बाजू मी समजू शकते."

नातीनं मान वर केली. "कुठल्या अर्जावर?"

"कोर्टाच्या परवानगीच्या. तिनं नकार दिला ना, तो."

"आईनं कशाला नकार दिला नाही. आमच्याकडे कुठला अर्ज आलाच नाही."

"काका घेऊन आले होते ना तुमच्याकडे? बऱ्याचदा?"

"काका?" तिनं त्यांच्याकडे बघितलं. "काका आमच्याकडे कधीच आले नाहीत. तुमचं पत्र आलं तेव्हाच आम्हाला कळलं, की माझा यात हिस्सा आहे."

बाहेरून एक सायकल गेली, तिचा आवाज सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"काका?" बाइंडरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की नातीला आपण काहीतरी मोडलं असं वाटलं.

* * *

काका स्टुलावर बसले. कधी ना कधी हे होणार, हे त्यांना माहीत होतं. पण तेव्हा काय बोलायचं, ते त्यांनी एकदाही मनाशी जुळवलं नव्हतं.

मोठ्याचा चेहरा तांबडा झाला होता. "म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत? एकदाही? आणि आम्ही इकडे वाट बघत बसलोय! माझी आई तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलीय, काका. तिला खाली आणायला दोन माणसं लागतात. वर्षभर तिनं साधा रस्ता पाहिला नाही!"

"जिन्याचा त्रास होतो म्हणाला होतात," काका पुटपुटले. "मला वाटलं, असतो तसा. सगळ्यांनाच असतो."

"सगळ्यांना असतो?"

"दादा, जरा हळू," बारकी म्हणाली.

"तू मला हळू म्हणतेस? तूच म्हणत होतीस ना, व्यवहार मोडा म्हणून? मोडला, जा! चल, आईला घे."

"मोडाच," सूनबाई म्हणाली. सगळ्यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज आता खणखणीत होता. "मी यांच्यासाठी घरात भांडले. रोज भांडले. नको मला असलं घर."

काकांना मोठ्याचं ओरडणं सोसलं होतं. हे सोसलं नाही.

"सांगतो," ते म्हणाले. "पटणार नाही तुम्हाला, पण सांगतो. मी शाळा सुटल्यापासून या काउंटरमागे आहे. आप्पा गेले आणि दुकान बंद केलं. घरी मुलगा आहे, सून आहे, चांगली आहेत. पण सकाळी ती कामाला जातात आणि मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरतो. मग हे घराचं काम निघालं. रोज सकाळी मी कपडे करायचो. सून विचारायची, कुठे निघालात? मी म्हणायचो, वारसाचं काम आहे. वकिलांकडे जायचंय. नकाशाचं बघायचंय. ती डबा द्यायची. दाखला मिळाला, सुट्टी संपली, न्हाणीचं झालं. एकेक काम संपत होतं. आणि मला कळत होतं, की सगळं संपलं की मला उठून जायला जागा नाही. तो अर्ज मी पिशवीत घालून निघायचो, खरंच निघायचो. थांब्यापर्यंत जायचो आणि इथं येऊन बसायचो. वहिनीवर आळ घातला, ते फार वाईट केलं. ती मला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी स्वतः एक पत्र टाकायला हवं होतं. एक साधं पत्र."

"काका," नात म्हणाली. ती विचार करून बोलत होती. "तुम्हाला हे घर विकायचं नाहीये का?"

त्यांनी मखमलीवरचा एक स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पुन्हा ओळीत ठेवला.

"नसेल तर नका विकू. मी सही करत नाही. माझं काही अडलेलं नाही. मी शिकतेय, आई कमावतेय. तुम्ही सांगा, मी हा कागद इथंच ठेवून जाते."

काकांनी तिच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. घर त्यांच्या हातात ठेवायला ही मुलगी तयार होती, आणि खोटं बोलून नव्हे, तर सरळ. फक्त हो म्हणायचं होतं.

बोलताना तिचा चष्मा पुन्हा नाकावरून घसरला आणि तिनं तो पुन्हा वर ढकलला.

"दे इकडे," ते म्हणाले.

"काय?"

"चष्मा. कुणी बसवला हा? एक काडी वाकडी आहे, मघापासून बघतोय मी."

त्यांनी तो घेतला, काडी बोटांत फिरवून ऊब दिली, छोट्या पकडीनं कानामागचा बाक आत घेतला, उजेडात धरून दोन्ही काड्या डोळ्यांच्या रेषेत बघितल्या. हात आपोआप चालत होते. मागच्या दारातून आईचा आवाज आला. ती एवढा वेळ बोलली नव्हती, पण तिनं सगळं ऐकलं होतं. या घरात एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, हे काकांना लहानपणापासून माहीत होतं.

"अरे, ओरडू नकोस त्यांच्यावर. मला वर अडकवलं ते माझ्या गुडघ्यांनी."

"आई, तू यांना पाठीशी घालू नकोस," मोठा म्हणाला.

"घालत नाहीये. वाईटच केलंत हो तुम्ही, चष्मेवाले. त्या पोरीच्या आईला उगाच नाव ठेवलंत. तिच्याकडे जाऊन, तिच्यासमोर हे सगळं बोला, मग बघू." मग थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, "आणि कुणीतरी खुर्ची थोडी पुढे सरकवा रे. ऊन सरकलं."

मोठा जागचा हलला नाही. काका उठले. मागे जाऊन त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूच, आईसकट, ती उन्हात पुढे ढकलली. आईनं चपला काढल्या होत्या आणि पावलं जमिनीवर सपाट टेकवली होती. सुजलेली, वळ पडलेली पावलं. ती बोटं हलवून माती चाचपत होती. काका तिथं जरा वेळ उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी चष्मा नातीच्या डोळ्यांवर स्वतःच्या हातानं चढवला.

"मान खाली घाल. हलव."

तिनं मान हलवली. चष्मा घसरला नाही.

"विकायचंय," काका म्हणाले. "यांनाच विकायचंय. कर सही."

"नक्की?"

"नक्की. आणि आज मी तुझ्याबरोबर येतो. तुझ्या आईला भेटायला."

"ती दार लावून घेईल तुमच्या तोंडावर."

"तर बाहेर उभा राहीन. मला सवय आहे, दिवस दिवस बसायची."

नात हसू दाबत कागदावर वाकली. तिनं सगळं वाचलं, एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि गोल, शाळकरी अक्षरात सही केली. मोठा पाठ फिरवून काचेबाहेर बघत उभा होता. बारकी त्याच्याजवळ गेली.

"दादा."

"काय?"

"मी तो फ्लॅट नको म्हणून कळवते."

"का? तुला तर लिफ्ट हवी होती."

"आई दुकानापासून मागच्या दारापर्यंत एकटी चालत गेली," बारकी म्हणाली. "तू पाहिलंस ना? मला राग येईल तेव्हा येईल, तो काय पळून जात नाही. सही आज झालीय."

मोठ्यानं मान हलवली आणि नाक शिंकरलं.

सूनबाई मात्र काउंटरच्या पलीकडे तशीच ताठ उभी होती. काका तिच्यासमोर येऊन थांबले.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"लवकर जायचा नाही."

"बरं."

तिनं रुंद काचेकडे, मग त्या काउंटरकडे बघितलं. "माझं कटिंग मशीन फार जड आहे. ते आणायला हाताशी माणसं लागतील. आणि ते आलं की हा काउंटर त्या भिंतीला सरकवावा लागेल. फेकायचा नाही, सरकवायचा. तुमचं सामान कुठलं ठेवायचं, कुठलं न्यायचं, ते तुम्ही स्वतः येऊन लावायचं. मी हात लावणार नाही."

"येईन," काका म्हणाले.

वकीलबाई कागद पिशवीत भरायला लागल्या. मोठ्यानं बसची किल्ली काढली आणि आईला हाक मारली. "चल आई, निघू या. पोस्टमनला वेळ सांगून ठेवलीय."

"तू जा," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"गादी घेऊन ये. आणि माझी औषधं. मी आता वर येत नाही."

"आई, असं चालत नाही," मोठा म्हणाला. "अजून खरेदीखत व्हायचंय. घर आपलं झालेलं नाही. हो की नाही, वकीलबाई?"

"कायद्यानं बघितलं, तर ताबा अजून देता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ताबा खरेदीखताच्या दिवशी."

"मला ताबा नकोय. मला खाली राहायचंय."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी नातीकडे बघितलं. नात मागच्या दारातल्या आजींकडे बघत होती, आणि त्या दोघींमध्ये काहीतरी आधीच ठरलं होतं, असं दिसत होतं.

"घर अजून आमचं दोघांचं आहे ना?" नातीनं विचारलं.

"आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"मग आमच्याकडे पाहुणे राहायला कुणाची परवानगी लागते का?"

वकीलबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवीची चेन ओढली. "पाहुण्यांना कायद्यात कुठे अडवलेलं नाही."

बारकी हसत सुटली. मोठ्यानं हात टेकले आणि गादी आणायला तो बसकडे निघाला. सूनबाईनं पदर खोचून मधल्या खोलीची खिडकी उघडली. मी पण राहते आईंजवळ, म्हणाली, तुम्ही माझी उशीही आणा.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कपडे केले. त्यांच्या सुनेनं विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, "कामाला." या वेळी ते खोटं नव्हतं. काल रात्रीचं जेवण ते वहिनीकडे जेवून आले होते. दार तिनं लावलं नव्हतं. फार बोलली नव्हती, पण वाढताना तिनं दुसऱ्यांदा विचारलं होतं.

दुकानाचं शटर खाली होतं. काकांनी नेहमीसारखा खिशात हात घातला, किल्ली हाताला लागली, आणि ते थांबले. आत कुणीतरी झोपलेलं असेल. कुणी अंघोळीला गेलेलं असेल. ते बाजूच्या दाराकडे वळले. त्या दाराला एक बेल होती. लहानपणी ते या दारानं धावत आत शिरायचे, मोठेपणी किल्लीनं उघडायचे. बेल वाजवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

त्यांनी केस सारखे केले आणि बेल दाबली. तिचा आवाज कसा आहे, तेसुद्धा त्यांना आज कळलं.

आतून, अगदी मागच्या टोकाकडून, आईची हाक आली. "कोण आहे? थांबा हं. येते मी. मला वेळ लागतो, पण मीच येते."

"सावकाश या," काका म्हणाले, आणि दाराबाहेर उभे राहून तिची पावलं जवळ येताना ऐकत राहिले.